अद्भुतवीर, त्याचा नट आणि त्याचें संगीत

गेल्या वर्षीं मधल्या सुटींत वर्गाबाहेरच्या व्हरांड्यांतून जात असतां मुलांचा एक वाद माझ्या कानीं पडला. एका नव्या अमेरिकन चित्रपटांत एका प्रसिद्ध वीराची भूमिका कोणा नटाला मिळाल्याची बातमी त्यांनीं वाचली होती. चित्रपट तयार होण्यास अद्याप वर्षभराचा अवकाश होता. त्या नटानें वीराचा वेष अंगावर चढविलाहि नव्हता. परंतु व्हरांड्यांतील न्यायालयानें निकाल देऊन टाकला होता. "त्याची हनुवटीच तशी नाहीं," एक म्हणाला. "आणि उंची? उंची तर पाहा!" दुसऱ्यानें री ओढली. एक शांत स्वभावाचा मुलगा कोपऱ्यांत उभा होता. त्यानें हळूच विचारलें, "पण ह्या खेपेस संगीत कोणाचें आहे?" त्याच्या प्रश्नाकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. इतक्यांत घंटा झाली आणि न्यायालय उठलें.

त्या मुलाच्या प्रश्नाचें उत्तर द्यावें, आणि जातां जातां त्या निकालाचीहि थोडी फेरतपासणी करावी, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहें.

पालकांपैकीं कोणी म्हणतील, वार्षिक अंकाचीं पानें असल्या पोरकट विषयावर कां खर्चावीं? त्यांना माझें नम्र सांगणें एवढेंच कीं, अमुक भूमिका अमक्याच नटानें करावी हा वाद मुळींच नवा नाहीं. संगीत नाटकांच्या भरभराटीच्या काळीं आपल्याकडे तो घरोघर चालत असे. आणि नांदीचे सूर निघतांच वाद घालणारेच प्रथम गप्प होत. नट आणि सूर मिळून पात्र कसें उभें राहतें, हें समजून घेणें हा अभ्यासाचाच विषय आहे.

प्रथम शब्दाचा अर्थ स्पष्ट करूं. ज्यांना मुलें 'सुपरहीरो' म्हणतात त्यांना आपण या लेखापुरतें अद्भुतवीर म्हणूं. यांतील पहिला विख्यात वीर सुपरमॅन हा होय. अमेरिकेंतील क्लीव्हलंड शहरच्या जेरी सीगेल व जो शुस्टर या दोन तरुणांनीं त्याला निर्माण केलें, आणि इ. स. १९३८ सालीं 'ॲक्शन कॉमिक्स' या चित्रमालिकेच्या पहिल्या अंकांत तो वाचकांसमोर आला. दुसऱ्याच वर्षीं, म्हणजे १९३९ सालीं, बॉब केन व बिल फिंगर यांचा बॅटमॅन अवतरला. या दोघांतहि एक गोष्ट सारखी आहे. ती ही कीं, प्रत्येकाला दोन रूपें आहेत. सुपरमॅन हा एरव्हीं क्लार्क केंट नांवाचा बुजरा वार्ताहर असतो, आणि बॅटमॅन हा ब्रूस वेन नांवाचा धनाढ्य परंतु दुःखी गृहस्थ असतो. म्हणजे ही भूमिका करणाऱ्या नटाला एक नव्हे तर दोन माणसें उभीं करावीं लागतात. कागदावरील चित्रांत हें काम शाई करते. पडद्यावर तें नटाच्या देहानें आणि आवाजानें करावें लागतें. ही अडचण ध्यानांत न घेतल्यामुळेंच पुष्कळांचे निकाल चुकतात.

आतां पहिलें उदाहरण घेऊं. १९७८ सालीं दिग्दर्शक रिचर्ड डॉनर यांचा 'सुपरमॅन' हा चित्रपट प्रदर्शित झाला. त्यांत मार्लन ब्रँडो व जीन हॅकमन हे दोन थोर नट होते, आणि श्रेयनामावलींत त्यांचीं नांवें आधीं झळकत. प्रत्यक्ष नायकाचें काम करणाऱ्या ख्रिस्तोफर रीव्ह यांचें नांव मात्र त्या वेळीं थोड्यांनाच ठाऊक होतें. उंची सहा फूट चार इंच, पण अंगकाठी सडपातळ! वेषाखालीं खोटे स्नायू बसविण्याची सूचना पुढें आली, तेव्हां त्यांनीं ती नाकारली आणि डेव्हिड प्राउझ या इंग्रज वजनउचल्याच्या देखरेखीखालीं व्यायाम करून अंग कमावलें.

परंतु रीव्ह यांचें खरें यश दंडांत नाहीं, पाठींत आहे. हें कसें, तें एका प्रसंगावरून कळेल. लोइस लेन या वार्ताहर स्त्रीच्या घरीं क्लार्क आला आहे. ती आंतल्या खोलींत गेली असतां आपण खरे कोण आहों हें तिला सांगून टाकावें असें त्याच्या मनांत येतें. तो चष्मा काढतो, वांकलेली पाठ सरळ होते, खांदे रुंदावतात, आवाज खालच्या पट्टींत उतरतो, आणि त्याच कोटांत, त्याच खोलींत, आपल्या डोळ्यांदेखत दुसराच मनुष्य उभा राहतो. मग त्याचा विचार फिरतो. चष्मा पुन्हां नाकावर चढतो, खांदे पडतात आणि क्लार्क परत येतो. या प्रसंगांत उड्डाण नाहीं, तांबडा झगा नाहीं, यंत्रांची करामत नाहीं. केवळ पाठीच्या कण्यानें केलेला हा अभिनय आहे. जो प्रेक्षक नटाची छाती व हनुवटी मोजण्यांत गुंतला असेल त्याला हें आधीं कसें दिसावें?

आतां त्या शांत मुलाच्या प्रश्नाकडे वळूं. या चित्रपटाचें संगीत जॉन विल्यम्स यांनीं रचिलें आणि लंडन सिंफनी ऑर्केस्ट्रा या वाद्यवृंदानें तें वाजविलें. आदल्याच वर्षीं याच जोडीनें 'स्टार वॉर्स' या चित्रपटाचें संगीत जगाला ऐकविलें होतें. विल्यम्स यांची पद्धति थोडक्यांत अशी: प्रत्येक महत्त्वाच्या पात्राला किंवा भावनेला स्वतःची एक सुरावट द्यावयाची आणि कथा जशी पुढें जाईल तशी ती सुरावट कधीं मंद, कधीं जलद, कधीं एकाच वाद्यावर, तर कधीं सगळ्या वृंदावर आणावयाची. सुपरमॅनसाठीं त्यांनीं संचलनगीताच्या ठेक्यावरची सुरावट बांधली. आरंभीं खालच्या पट्टींतील वाद्यें एक लय धरून ठेवतात. तीवर पितळी तुताऱ्या चढत जातात. आणि शेवटीं मुख्य सुरावट अशी झेप घेते कीं, वीर पडद्यावर येण्यापूर्वींच तो येत असल्याची वर्दी मिळते. तिच्या एका तुकड्यांत वाद्यें जणूं 'सुपरमॅन' हाच शब्द उच्चारीत आहेत, असें स्वतः डॉनर यांनाहि वाटलें होतें. प्रेमाच्या प्रसंगासाठीं मात्र वेगळी, तंतुवाद्यांची हळुवार सुरावट आहे. कोंकणांतील दशावतारी खेळ ज्यांनीं पाहिले असतील त्यांना ही युक्ति परकी वाटणार नाहीं. तेथेंहि पात्र बाहेर येण्याआधीं मृदंग बोलूं लागतो आणि प्रेक्षक सरसावून बसतात.

या सुरावटीचें आयुष्य पाहण्यासारखें आहे. २००६ सालच्या 'सुपरमॅन रिटर्न्स' या चित्रपटांत नायकाचें काम ब्रँडन राउथ यांनीं केलें. नट बदलला, पण विल्यम्स यांची सुरावट तीच राहिली. २०१३ सालच्या 'मॅन ऑफ स्टील' मध्यें हेन्री कॅव्हिल आले, आणि त्या वेळीं हान्स झिमर यांनीं जुनी सुरावट बाजूस ठेवून नवें संगीत रचिलें. २०२५ सालीं जेम्स गन यांच्या 'सुपरमॅन' मध्यें डेव्हिड कोरेनस्वेट यांनीं तो वेष घातला, तेव्हां जॉन मर्फी व डेव्हिड फ्लेमिंग यांच्या संगीतांतून तीच जुनी सुरावट पुन्हां ऐकूं आली. सत्तेचाळीस वर्षांत चेहरे चार झाले. परंतु पहिल्या चेहऱ्यासाठीं बांधलेले सूर शेवटच्या चेहऱ्यालाहि शोभले. कोणत्या नटाची हनुवटी चांगली यावर भांडणाऱ्यांनीं एवढें तरी ध्यानांत ठेवावें कीं, वीराची निम्मी ओळख आपणांस कानांनींच पटत असते.

दुसरें उदाहरण याहून बोधप्रद आहे. १९८८ सालीं अशी वार्ता आली कीं, टिम बर्टन यांच्या नव्या 'बॅटमॅन' चित्रपटांत नायकाचें काम मायकेल कीटन करणार. कीटन त्या वेळीं विनोदी भूमिकांसाठीं प्रसिद्ध होते. चित्रमालिकेच्या भक्तांत एकच हलकल्लोळ उडाला. वॉर्नर ब्रदर्स या कंपनीकडे निषेधाचीं सुमारें ५०,००० पत्रें गेलीं असें सांगतात. हा तर विदूषक. तो भरदार शरीराचा नाहीं, उंच नाहीं, याची हनुवटी चौकोनी नाहीं! आमच्या व्हरांड्यांतील वादाचा हा वडील बंधूच म्हणावयाचा.

बर्टन यांची विचारसरणी मात्र निराळी होती. जो मनुष्य मूळचाच पहाडासारखा आहे त्याला वटवाघुळाचा वेष घेण्याची गरजच काय? जो साधारण देहाचा आहे, ज्याच्या मनांत बालपणींचें दुःख घर करून बसलें आहे, त्यालाच दुष्टांना भिववण्यासाठीं मुखवटा लागतो. आणि कीटन यांच्या डोळ्यांत तें दुःख व ती अस्वस्थता दाखविण्याचें सामर्थ्य आहे, हें बर्टन यांनीं त्यांच्याबरोबर आधींच्या एका चित्रपटांत काम करून पाहिलें होतें. पत्रें लिहिणारे कल्पनेवरून बोलत होते. दिग्दर्शक अनुभवावरून बोलत होता. जून १९८९ मध्यें चित्रपट प्रदर्शित झाला आणि अमेरिकेंत त्या वर्षींचा सर्वांत अधिक उत्पन्नाचा चित्रपट ठरला. १९९२ सालीं कीटन यांनीं तीच भूमिका पुन्हां केली. आणि २०२३ सालच्या 'द फ्लॅश' या चित्रपटांत ते वृद्धापकाळीं तोच मुखवटा चढवून आले, तेव्हां प्रेक्षकांनीं त्यांचें जुन्या स्नेह्याप्रमाणें स्वागत केलें.

संगीताच्या बाबतींतहि हीच कथा घडली. बर्टन यांनीं संगीताचें काम डॅनी एल्फमन यांना दिलें. एल्फमन हे एका रॉक वाद्यवृंदांतील गायक. संगीतशाळेचें रीतसर शिक्षण त्यांना मिळालेलें नव्हतें. पण चित्रपटाच्या नामावलीचा आरंभच पाहा. कॅमेरा कसल्याशा अंधाऱ्या दगडी चरांतून फिरत आहे. आपण कोठें आहों हें कळत नाहीं. संगीत खर्जांत सुरू होतें, दबकत पुढें सरकतें, आणि मग एकाएकीं त्याला चालीचा जोर येतो. शेवटीं कॅमेरा मागें हटतो आणि उलगडा होतो कीं, ते चर म्हणजे बॅटमॅनच्या चिन्हाच्याच कडा होत्या. सुपरमॅनचे सूर उजेडांत उघडपणें झेप घेतात. बॅटमॅनचे सूर अंधारांतून वर येतात. दोन वीरांच्या स्वभावांतील भेद एकहि शब्द न बोलतां दोन संगीतकारांनीं सांगितला. येथें आणखी दोन नांवें आवर्जून घेतलीं पाहिजेत. एल्फमन यांच्या सुरावटी वाद्यवृंदासाठीं मांडून देणारे स्टीव्ह बार्टेक, आणि त्या वृंदाचें संचालन करणाऱ्या शर्ली वॉकर. नामावली वाचल्याशिवाय उठूं नये तें याचसाठीं.

तिसरें उदाहरण सांगतांना मन थोडें जड होतें. ऑस्ट्रेलियाचे तरुण नट हीथ लेजर यांना २००६ सालीं ख्रिस्तोफर नोलन यांनीं जोकर या खलपात्रासाठीं निवडलें, तेव्हांहि पुष्कळांनीं नाकें मुरडलीं. देखणा, प्रेमकथांतला हा नायक असला क्रूर विदूषक काय रंगवणार? २२ जानेवारी १९०८ नव्हे, आपल्याच काळांत, २२ जानेवारी २००८ रोजीं, वयाच्या अवघ्या अठ्ठाविसाव्या वर्षीं लेजर वारले. 'द डार्क नाइट' त्यानंतर सहा महिन्यांनीं पडद्यावर आला. २००९ सालीं त्यांना साहाय्यक नटाचें ऑस्कर पारितोषिक मिळालें, तें त्यांच्या कुटुंबीयांनीं स्वीकारलें. ज्यांनीं आधीं हेटाळणी केली होती त्यांना आपलें मत बदलल्याचें त्या नटाला सांगण्याची संधि उरली नव्हती. या चित्रपटाचें संगीत हान्स झिमर व जेम्स न्यूटन हॉवर्ड यांचें. जोकरसाठीं झिमर यांनीं सुरावट अशी दिलीच नाहीं. चेलो या तंतुवाद्यावरचा जवळजवळ एकच स्वर, तार तुटेपर्यंत ताणावी तसा, ताणत नेला आहे. तो स्वर कोठें जाऊन थांबणार हें कळत नाहीं, आणि त्या पात्राची भीतिहि नेमकी तीच आहे.

यावरून लोकांचा विरोध नेहमींच चुकीचा असतो असें मात्र कोणीं समजूं नये. १९९७ सालच्या 'बॅटमॅन अँड रॉबिन' या चित्रपटांत जॉर्ज क्लूनी नायक होते. देखणेपणा होता, लोकप्रियता होती, हनुवटीहि अगदीं चित्रांतल्यासारखी होती; तरी टीकाकारांनीं त्या चित्रपटावर कोरडे ओढले, आणि स्वतः क्लूनी यांनीं पुढें त्याबद्दल प्रेक्षकांची मोकळ्या मनानें क्षमा मागितली. तो निकाल चित्रपट पाहून दिलेला होता, म्हणून तो न्याय ठरला. पाहून नापसंत करणें हा प्रेक्षकाचा हक्क आहे. न पाहतां नापसंत करणें हा केवळ आळस आहे. कारण त्यांत पाहण्याचे कष्ट वांचतात आणि मत बाळगल्याचें समाधान फुकट मिळतें.

मग आधीं करावें तरी काय? याचें उत्तर चौथ्या उदाहरणांत आहे. २०१८ सालच्या 'ब्लॅक पँथर' या चित्रपटाची कथा आफ्रिकेंतील वाकांडा या काल्पनिक राज्यांत घडते. दिग्दर्शक रायन कूगलर. राजा टचालाच्या भूमिकेंत चॅडविक बोझमन. संगीतकार लुडविग योरानसन हे मात्र जन्मानें स्वीडनचे. आफ्रिकेच्या संगीताविषयीं ऐकीव माहितीवर त्यांना काम भागवितां आलें असतें. तसें न करतां ते सेनेगल देशांत गेले, तेथील विख्यात गायक बाबा माल यांच्याबरोबर गांवोगांव हिंडले, वादकांजवळ बसून ऐकलें आणि मग लेखणी उचलली. राजासाठीं त्यांनीं तेथील 'बोलका ढोल' निवडला. हा ढोल काखेंत धरून दोऱ्या आवळल्या कीं स्वर चढतो आणि सैल केल्या कीं उतरतो. त्यामुळें तो माणसाच्या बोलण्यासारखा वाटतो. प्रतिस्पर्धी किलमाँगर याच्यासाठीं त्यांनीं फुला लोकांची बांसरी घेतली. या संगीताला २०१९ सालीं ऑस्कर मिळालें. ज्याला एखाद्या विषयाची ओळख नाहीं त्यानें काय करावें, याचा हा वस्तुपाठच होय: आधीं जाऊन ऐकावें, मग बोलावें.

असो. दुसऱ्यांच्या चुका सांगून झाल्या. आतां स्वतःची एक सांगतों. पंचवीस वर्षांपूर्वीं मी नुकताच शिक्षकाच्या नोकरीस लागलों होतों. स्नेहसंमेलनासाठीं बकासुरवधावरील एक नाटिका बसवावयाची होती. आठवीच्या वर्गांतला एक काटकुळा मुलगा माझ्यापुढें येऊन म्हणाला, "सर, भीमाचीं सगळीं भाषणें माझीं पाठ आहेत. एकदां म्हणून दाखवूं का?" मीं त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलें आणि म्हणालों, "अरे, तुला पाहून बकासुर भिण्याऐवजीं हसेल!" वर्ग हसला. तोहि हसला. भूमिका एका धिप्पाड मुलाला दिली. प्रयोगाच्या रात्रीं तो धिप्पाड भीम दुसऱ्याच भाषणांत अडखळला, आणि पडद्याआडून कोणी त्याला एकेक शब्द देऊं लागलें. आवाज हलका होता, पण स्वच्छ आणि ठाम होता. सबंध प्रयोग त्या आवाजानें सांवरला. मीं आंत जाऊन पाहिलें. तो काटकुळा मुलगाच होता. त्याच्या हातांत पुस्तक नव्हतें. त्या रात्रीं त्याची पाठ थोपटली, पण चूक झाली असें म्हणण्याचें धैर्य मला झालें नाहीं. पुढें त्यानें शाळा सोडीपर्यंत एकदांहि भूमिका मागितली नाहीं.

तोच मुलगा यंदा आपल्या मुलीला शाळेंत घालण्यासाठीं आला होता. मला ओळखून त्यानें वांकून नमस्कार केला आणि हसत म्हणाला, "सर, भीमाचीं भाषणें अजून पाठ आहेत बरें का!" त्यांत तक्रारीचा सूर मुळींच नव्हता. म्हणूनच तें वाक्य मला विसरतां येत नाहीं. मीं त्याला पाहिलें होतें, ऐकलें नव्हतें.

विद्यार्थिमित्रहो, आतां तुम्हांला दोन प्रयोग सुचवितों. पालकांनींहि मुलांबरोबर ते करून पाहावे. एखाद्या अद्भुतवीराच्या चित्रपटांतील आवडता प्रसंग घ्या. प्रथम तो आवाज बंद करून पाहा आणि नटाचे खांदे, मान, चाल, डोळे यांत काय बदल होतो तें वहींत लिहा. मग तोच प्रसंग डोळे मिटून नुसता ऐका; कोणतें वाद्य केव्हां आलें, कोणती सुरावट परतून आली आणि कोठें संगीत मुद्दाम गप्प राहिलें, तें टिपा. शेवटीं दोन्ही मिळून पाहा. यानंतर तुमचें मत प्रतिकूल झालें तरी हरकत नाहीं. तें तुमचें स्वतःचें असेल, आणि त्याचीं कारणें तुम्हांला सांगतां येतील.

मीहि एक गोष्ट ठरविली आहे. पाश्चात्त्य देशांतील पुष्कळ वाद्यवृंदांत नवा वादक निवडतांना त्याला पडद्याआड बसवून वाजवावयास सांगतात, म्हणजे परीक्षकांस चेहरा न दिसतां केवळ वादन ऐकूं येतें. येत्या संमेलनाच्या पात्रनिवडीच्या दिवशीं आपल्या सभागृहांतील पडदा ओढलेला असेल. ज्याला जी भूमिका हवी असेल त्यानें पडद्यामागें उभें राहून तिचें एक भाषण म्हणावें. मी पुढच्या बांकावर कागद घेऊन बसेन, आणि सर्वांचें ऐकून झाल्यावरच पडदा उघडावयास सांगेन.